स्टीम डेक बाहेरून मागवायचा का? फोंड्यात आठ दिवस वापरून बघितला

मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, बोटीवर असतो, सध्या सुट्टीवर घरी आलाय, येताना अमेरिकेतून स्टीम डेक, म्हणजे हातात धरून गेम खेळायचा छोटा कॉम्प्युटर, घेऊन आला, ओएलईडी स्क्रीनवाला, ५१२ जीबी. मी दोन वर्षं हातात मावणारा, विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटर घ्यायचा म्हणून घरात सगळ्यांचं डोकं खातोय, शेवटी दादाच वैतागून म्हणाला, हा घे, आठ दिवस वापर आणि मग गप्प बस.

आधी पैशाचं बोलू. भारतात हा अधिकृतपणे मिळतच नाही. अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये हे मॉडेल ५४९ डॉलरला आलं, म्हणजे तेव्हाचे साधारण पंचेचाळीस हजार. इथे जो मिळतो तो कुणीतरी आणून विकलेला. ऑनलाइन एकाला विचारलं तर अडुसष्ट हजार म्हणाला, वर "वॉरंटी आमची, सहा महिने". जीएसटी बिल देणार का विचारलं तर ब्लू टिक आल्या, उत्तर काय आलं नाही.

मशीन मात्र झकास आहे. गेमसाठी बनवलाय पण आत आर्च लिनक्सवर उभारलेलं स्टीमओएस ही ऑपरेटिंग सिस्टीम, पॉवर बटण दाबून धरलं की डेस्कटॉपचा पर्याय येतो आणि समोर चक्क केडीई प्लाझ्मा, म्हणजे लिनक्सचा विंडोजसारखा डेस्कटॉप. पासवर्ड सुरुवातीला नसतोच, तो टर्मिनलमधून (कमांड टाईप करायची खिडकी) आपणच ठेवायचा, तोवर सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालणाऱ्या कमांड, चालत नाहीत. पासवर्ड टाईप करताना तसंही काही दिसत नाही म्हणा, पण मला टर्मिनलच दिसेना, कारण स्क्रीनवरच्या कीबोर्डने अर्धी जागा खाल्लेली. ७.४ इंचात कोडिंग करायचं स्वप्न तिथेच मिटलं. मग घरातला यूएसबी-सी हब काढला, जुना कीबोर्ड लावला, टीव्हीला जोडला, तर पूर्ण कॉम्प्युटर तयार! बायकोने त्यावर लाईटबिल भरलं आणि नंतर विचारलं, सीपीयू कुठे ठेवलाय?

एक लक्षात ठेवा, सिस्टीमचा भाग रीड-ओन्ली, म्हणजे बदल न करता येणारा, असतो. फ्लॅटपॅकमधून (सिस्टीमला हात न लावता अ‍ॅप टाकायची सोय) काय हवं ते टाका, पण ते कुलूप उघडून पॅकमॅनने, म्हणजे आर्चच्या अ‍ॅप टाकायच्या कमांडने, टाकलेलं पुढच्या अपडेटला पुसलं जातं. भाड्याच्या घरात खिळे ठोकायचे नाहीत, तसं आहे हे.

कदंबाच्या बसमधून पणजीला जाताना काढून बसलो, वजन ६४० ग्रॅम, बाणस्तारीपर्यंत मनगटं भरून आली. कंडक्टर वाकून बघतो आणि विचारतो, "कितें रे हें, टीव्ही?" पुढचा अर्धा रस्ता त्याला समजावण्यातच गेला.

पावसात आमच्याकडे करंट जातो हे काय नवीन नाही. त्या आठवड्यात एकदा संध्याकाळी गेला तो रात्री उशिरा आला, आणि मी नुसतं लिखाण करत होतो म्हणून बॅटरी आरामात पुरली. कंपनी ३ ते १२ तास सांगते, ते काम बघून. दादा मोठा गेम लावतो तेव्हा तिनाच्या आसपासच आटपतं. चार्जरला अमेरिकन चपट्या पिना, त्या अडॅप्टरमध्ये हलतात, त्यापेक्षा माझ्या लॅपटॉपचा टाईप-सी चार्जर बरा चालला. आणि कंपनी वापरायला ० ते ३५ अंश तापमान सांगते, तेव्हा मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत बसणाऱ्यांनी विचार करावा.

खरी अडचण दुरुस्तीची. मागचे स्क्रू टॉर्क्स, म्हणजे ताऱ्यासारख्या खाचेचे, आहेत, जॉयस्टिक बदलता येते, पण बॅटरी चिकटवलेली, आणि पार्ट बाहेरूनच आणायचा. मडगावात मोबाईल खोलणारा पोरगा हुशार आहे हो, पण पार्टच नसेल तर तो तरी काय करणार. म्हणून अडुसष्ट हजार त्या बिनबिलाच्या माणसाला मी देणार नाही. यूकन्सोल नावाचा कीबोर्डवाला छोटा लिनक्स कॉम्प्युटर पण बघून ठेवला होता, पण तो ५ इंची, सुटे भाग जोडून घ्यायचा, १८६५० नावाचे रिचार्जचे सेल आपणच शोधायचे, सध्या तेवढा उत्साह नाही.

दादाला म्हटलं पुढच्या खेपेला माझ्यासाठी एक आण. तो म्हणतो नवीन कशाला, हाच घे चाळीसला. बॅटरी वापरलेली आहे म्हणून मी पस्तीस म्हटलं. आता मावशी मध्ये पडलीय, आणि डेक तिच्या कपाटात आहे.