यूएसबी कॅप्चर स्टिक, व्हर्च्युअलडब आणि शॉटकट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

व्हीसीआर, त्याचं चित्र आणि आवाज कॉम्प्युटरला देणारी यूएसबी कॅप्चर स्टिक, कॅप्चरला (म्हणजे ते फाइलमध्ये उतरवायला) व्हर्च्युअलडब हे सॉफ्टवेअर आणि एडिटिंगला शॉटकट. या जोडणीवर आठ महिन्यांत साठेक व्हीएचएस कॅसेट उतरवून झाल्या. लग्नं, मुंजी, बारशी असाच सगळा घरगुती माल. निकाल आधीच सांगतो: जोडणी घेण्यासारखी आहे, कॅसेटमध्ये जेवढं चित्र उरलंय तेवढं ती नीट देते. मात्र टाइमलाइनवर क्लिप बिघडलेली दिसली की एडिटरला बोल लावण्याआधी मूळ फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये लावून बघा. तिथेही तोच दोष असेल तर तो कॅप्चरच्या वेळीच आत शिरलाय, एडिटरमध्ये कितीही खटपट केली तरी जाणार नाही.

स्टिकसोबत आलेलं सॉफ्टवेअर पहिल्या दिवशीच बाजूला ठेवा. ते थेट एमपेग-२ मध्ये दाबून साठवतं. व्हीएचएसच्या चित्रात मुळातच दाणे फार. सगळी ताकद ते दाणे साठवण्यात जाते आणि अक्षता उडाल्या की चेहऱ्यांवर चौकोन दिसायला लागतात. त्याऐवजी व्हर्च्युअलडबमध्ये हफवाययूव्ही कोडेक (चित्र न बिघडवता दाबून साठवण्याची पद्धत), ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, रंग वाययूवाय२, आवाज ४८ किलोहर्ट्झ असं लावा. तासाला साधारण ३० जीबी जागा लागते, म्हणजे तीन तासांच्या ई-१८० कॅसेटला नव्वदच्या आसपास. डिस्कचा फॉरमॅट एनटीएफएसच हवा. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपुढे जात नाही, त्यामुळे आठेक मिनिटांत क्लिप तुटते आणि माणूस उगाच केबल बदलत बसतो. हफवाययूव्ही शॉटकट थेट उघडतं. तुमचा एडिटर उघडत नसेल तर प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआरमध्ये एक प्रत काढा, मूळ फाइल पुसू नका.

सगळ्यात जास्त डोकं खातो तो आवाज. ओठ एकीकडे, बोलणं दुसरीकडे. यात तीन वेगळे आजार आहेत आणि तिघांवर औषधही वेगळं. ओळखायला क्लिपच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी एकेक ठळक ठोका शोधा. लग्नाच्या कॅसेटमध्ये वरातीतला ताशा उत्तम: काडी चामड्यावर टेकते ती फ्रेम आणि वेव्हफॉर्मवर (आवाजाच्या आलेखावर) सुळका उठतो ती जागा, दोन्ही स्पष्ट सापडतात. एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, त्या हिशेबाने अंतर मोजा.

तिन्ही ठिकाणी अंतर सारखंच आलं तर काम सोपं. शॉटकटमध्ये क्लिप निवडून प्रॉपर्टीजमध्ये आवाज तेवढे मिलिसेकंद पुढे-मागे सरकवा.

अंतर हळूहळू वाढत गेलं तर चित्राचं आणि आवाजाचं घड्याळ वेगळ्या गतीने चाललंय. स्टिकऐवजी कॉम्प्युटरच्या लाइन-इनमधून आवाज घेतला की हे हमखास होतं. म्हणून दोन्ही एकाच स्टिकमधून घ्या. झालेल्या क्लिपसाठी फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये व्हिडिओ आणि ऑडिओची लांबी स्वतंत्र बघा. व्हिडिओ ३६०० सेकंद आणि ऑडिओ ३६०१.२ असेल तर फरक ०.०३३ टक्के. ऑडॅसिटी या आवाजाच्या एडिटरमध्ये वेग बदलण्याच्या इफेक्टमध्ये नवी लांबी थेट ३६०० सेकंद द्या. एवढ्याशा फरकाने सनईचा सूर चढल्याचं कानाला कळत नाही.

तिसरा आजार खरा वाईट: अंतर एका जागी एकदम उडी मारतं. म्हणजे तिथे फ्रेम गळल्यात. जुन्या कॅसेटवरच्या सिग्नलची वेळ डळमळीत असते. ती फार हलली की स्टिक फ्रेम सोडून देते. कॅप्चर चालू असताना व्हर्च्युअलडबच्या उजव्या बाजूला गळलेल्या आणि घुसवलेल्या फ्रेमचे आकडे दिसतात, त्यांवर नजर ठेवा. तासाभरात दोनचार चालतील, मिनिटाला दोनचार चालणार नाहीत. आधी स्टिक यूएसबी हबमधून काढून थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लावा, अँटिव्हायरसचं स्कॅन आणि स्लीप बंद करा. तरीही आकडे चढत असतील तर व्हीसीआर आणि स्टिकच्या मध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडा. नुसता प्लेअर नाही, इनपुट असलेला रेकॉर्डर. बऱ्याच रेकॉर्डरमधून जाताना सिग्नलची वेळ सरळ होते. आठ महिन्यांत सर्वांत मोठा फरक या एका डब्याने पडला. आणि दोन शूटिंगच्या मध्ये कोरी पट्टी असेल तिथे कॅप्चर थांबवून नवी फाइल सुरू करा. उडी नेमकी त्या सांध्यावर बसते.

चालत्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसल्या तर घाबरू नका. चित्र इंटरलेस्ड आहे, सेकंदाला ५० अर्धी चित्रं, दोष नाही. पण डीइंटरलेस करण्याआधी (अर्धी चित्रं पूर्ण फ्रेममध्ये बदलण्याआधी) आकार बदललात तर त्या रेषा कायमच्या भाजल्या जातात. हालचाल पुढे-मागे थरथरत असेल तर फील्डचा, म्हणजे अर्ध्या चित्रांचा, क्रम उलटा लागलाय: मिनीडीव्ही कॅमेऱ्याच्या कॅसेटमध्ये नेहमी खालचं फील्ड आधी, अशा स्टिकवर बहुधा वरचं. प्रॉपर्टीजमध्ये बदलून दहा सेकंद चालवून बघा, लगेच कळतं. माणसं किंचित सडपातळ वाटली तर प्रमाण ४:३ करा. अगदी तळाशी वळवळणारी पट्टी प्रत्येक व्हीएचएसमध्ये असते, व्हीसीआरचं हेड बदलतं त्या जागेची. टीव्हीवर ती झाकली जायची. काळ्या पट्टीने झाका, ओढून मोठं करू नका.

पांढऱ्या साडीवर तपशीलच नसेल तर ते एडिटरमध्ये परत येत नाही. कॅप्चरच्याच वेळी स्टिकचा कॉन्ट्रास्ट थोडा उतरवून ठेवा, नंतर वाढवता येतो.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेट एनटीएससी, म्हणजे तिकडच्या टीव्ही पद्धतीच्या असतात. आपल्याकडचे बरेच व्हीसीआर त्या पाल-६० या मिश्र रूपात बाहेर देतात, आणि स्टिक आपल्याकडच्या साध्या पाल पद्धतीवर असेल तर चित्र गुंडाळत वर जातं. व्हर्च्युअलडबमध्ये व्हिडिओ स्टँडर्ड पाल-६० निवडा, आकार ७२० बाय ४८० आणि २९.९७ फ्रेम ठेवा. शॉटकटमध्येही अशा कॅसेटचा प्रोजेक्ट वेगळाच करा. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर टाकली की ठरावीक अंतराने झटके येतात.

क्लिप मुकी आली तर विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये मायक्रोफोनची परवानगी तपासा. स्टिकचा आवाज विंडोजला मायक्रोफोनच वाटतो. एकाच कानात ऐकू येत असेल तर व्हीसीआर मोनो आहे: पांढरी पिन लागलीय, लाल मोकळी आहे. शॉटकटमध्ये डावा चॅनल उजवीकडे कॉपी करणारा फिल्टर लावला की झालं.