ईकोत एकतीस रात्री: गाडीचं घर करावं का?

दिवाळीनंतर आम्ही एक जुनी ईको, म्हणजे मारुतीची छोटी व्हॅन, घेतली. जूनअखेर वही काढून मोजलं, तर गाडीत झोपलेल्या रात्री एकतीस भरल्या. आंबोली, वेंगुर्ला, शिरोडा, हंपी, नरसोबाची वाडी, परत वेंगुर्ला, आणि एक रात्र आमच्याच दारात, कारण घरी पाहुणे मावत नव्हते. या आठ महिन्यांत आम्ही गाडीत एकदा घर बसवलं, एकदा ते उखडलं आणि मग तिसराच मार्ग धरला. कोल्हापुरात ओळखीचे बरेच जण विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

आधी गाडी. आमची 2018 ची पाच सीटांची पेट्रोल, एसी असलेली. सव्वातीन लाखांना पडली. इंजिन जुनं, 1196 सीसीचं. (नोव्हेंबर 2022 पासून ईकोला नवीन के-सिरीजचं इंजिन येतं. बजेट असेल तर त्यानंतरची बघा.) यांच्या मनात खरं तर ट्रॅव्हलर, म्हणजे मिनीबस होती, आत उभं राहता येईल अशी. पण आमच्या गल्लीत ट्रॅव्हलर वळवायची म्हणजे समोरच्या दोन स्कूटर उचलून ठेवाव्या लागतील. शिवाय एवढं धूड रोज बाजारात कोण नेणार? ओम्नीही पाहिली. तिचं उत्पादन 2019 मध्ये थांबलं, चांगली मिळणं अवघड झालंय आणि आत बसलं की गुडघे हनुवटीला. एका एजंटाने उत्साहात ‘कॅम्पर’ दाखवायला नेलं आणि समोर निघाली बोलेरो कॅम्पर, म्हणजे मागे उघडा हौदा असलेला पिकअप! नावावर जाऊ नका.

ईको पावणेचार मीटरपेक्षा आखूड आणि दीड मीटरपेक्षा अरुंद. दोन्ही बाजूंना सरकती दारं, मागे वर उघडणारी डिकी. डिकी उघडली की डोक्यावर छप्पर मिळतं, आणि आमचा अर्धा संसार त्या छपराखालीच चालतो.

घेताना एक गोष्ट आम्ही नशिबाने बरोबर केली. सीएनजीवाली स्वस्तात मिळत होती, इंधनाचा खर्चही बराच कमी झाला असता, पण तिची टाकी मागच्या सीटच्या पाठीमागे, नेमकी जिथे तुमचे पाय यायचे तिथे असते. झोपायचं असेल तर पेट्रोलच. दुसरं, ईको घेताना आधीच्या मालकाने तिच्यातून काय वाहिलं ते विचारा. शाळेची मुलं, भाजीची क्रेट, मासळी, काहीही असू शकतं. आम्ही पाहिलेल्या एका गाडीत पायपुसणी उचलल्यावर खाली पत्र्याच्या जागी रस्ता दिसला. कोकणातून आलेली गाडी असेल तर सरकत्या दाराचा खालचा रूळ आणि मॅटखालचा पत्रा हाताने चाचपून बघा, नुसता टॉर्च पुरत नाही. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता मूळ प्रश्न, रूपांतराचा.

गाडी आली आणि पंधरा दिवसांत आम्ही गल्लीतल्या सुताराला बोलावलं. फोनवर परदेशातल्या व्हॅन बघून बघून माझंच डोकं फिरलं होतं. लाकडी ओटा, बेसिन, मसाल्यांची फळी, दिव्यांच्या माळा. सुतार म्हणाला, “वहिनी, असं दणकट करून देतो की नातवंडं पण झोपतील.” शब्दाला जागला. अठरा मिलिमीटरच्या प्लायचा पलंग, खाली खण, मागे ओटा. अठरा मिलीची आठ बाय चारची एक शीट पस्तीस किलोच्या आसपास भरते, आणि आमच्या गाडीत दोन शीट गेल्या. म्हणजे रिकामी गाडी निघाली तरी एक तिसरा माणूस कायम बसलेला, तोही जाडजूड.

आंबोलीच्या घाटात त्या तिसऱ्या माणसाने हिशेब चुकता केला. चढाला दुसऱ्या गियरच्या वर जाता येईना. इंजिन पुढच्या सीटखालीच असल्यामुळे बुडाखाली शेगडी पेटल्यासारखं झालं. आमच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे वळणावळणाला यांचे खांदे भरून येत. आणि आवाज! घरातलं फर्निचर एका जागी उभं असतं, गाडीतल्याला दर खड्ड्याला जाब द्यावा लागतो. स्क्रू सैल झाले, खणांची दारं आपटायला लागली, घरी पोहोचेपर्यंत आम्ही एकमेकांशी ओरडून बोलत होतो. बेसिन मी दोन महिन्यांत चार वेळा वापरलं असेल. त्यातलं घाण पाणी ज्या कॅनमध्ये साठायचं, तो कॅन रिकामा करायला जागा शोधण्यापेक्षा बाहेर तांब्याने हात धुणं कितीतरी सोपं.

फेब्रुवारीत सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायचं होतं आणि गाडीत त्यांना बसायला जागाच नाही. त्या दारात काठी टेकून उभ्या, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, “पलंग आहे की, आडवीच होऊन येते.” त्याच रविवारी यांनी पाना घेतला. बावीस हजारांचं काम होतं. त्या प्लायचं आता घरी बुटांचं कपाट झालंय, छान झालंय.

कायद्याची बाजूही तेव्हाच नीट समजून घेतली, आधी घ्यायला हवी होती. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल आहे. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोंदणीपत्रात उत्पादकाचा जो तपशील नोंदलेला आहे त्याच्याशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. मागची सीट कायमची काढायची, छपराला भोक पाडून पंखा बसवायचा, उंची वाढवायची, हे सगळं आरटीओच्या परवानगीचे आणि आरसीवर नोंदीचे विषय आहेत. अपघात झाला तर विमा कंपनी हेच कागद आधी मागणार. काचांना काळी फिल्म लावायचाही मोह होतो, पण तीही सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच बंद केली आहे. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅरव्हॅन (आत राहण्याची सोय असलेली गाडी) पर्यटनाचं धोरण आणलं, ते चांगलंच आहे, पण त्याचा रोख पर्यटन व्यवसायावर आहे. आपल्या दारातल्या जुन्या ईकोला त्याने हवं ते करायची मुभा मिळत नाही.

म्हणून आमचा तिसरा मार्ग असा की गाडीत काहीही कायमचं नाही. बारा मिलीच्या प्लायच्या तीन पेट्या, वर झाकणं. सहलीला निघताना मागचं बाकडं बोल्ट सोडून उतरवायचं, पेट्या आत ओळीने लावायच्या, परत आलो की बाकडं जागेवर. दोघांना मिळून पाऊण तास लागतो, त्यातला पंधरा मिनिटांचा वेळ “तो दहा नंबरचा पाना कुठे ठेवलात” यावर जातो. पेट्यांवर गादीवाल्याकडून तीन तुकड्यांत करून घेतलेली तीन इंची फोमची गादी, सुती खोळीची. एका पेटीत स्वयंपाक, एकीत कपडे, एकीत बाकी सटरफटर. सगळं मिळून साडेआठ हजार.

पेट्या बांधणं मात्र विसरू नका. सीटचे बोल्ट जिथे बसतात तिथे हुक लावून आम्ही ट्रकवाले वापरतात तसे आवळायचे पट्टे ताणतो. एअरबॅग नसलेल्या ईकोला 2016 च्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या, गाडी आदळवून बघण्याच्या चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले होते, आणि आमची त्याच जातकुळीतली. अशा गाडीत पाठीमागे वीस किलोची पेटी सुटी ठेवायची नाही. आम्ही ताशी साठ-सत्तरच्या वर जात नाही. उंच आणि अरुंद गाडी आहे, हायवेवर बाजूने मोठी बस गेली की हलते.

लांबी दोघांना पुरते का? मला पुरते. यांना तिरकं झोपावं लागतं, म्हणजे उरलेल्या त्रिकोणात मी.

ज्या गोष्टींचा आम्ही आधी विचारही केला नव्हता त्यांनीच खरा त्रास दिला, आणि पहिली म्हणजे हवा. आंबोलीत डिसेंबरच्या थंडीत सगळ्या काचा लावून झोपलो आणि पहाटे छतावरून थेंब तोंडावर. आधी वाटलं गळतंय. गळत नव्हतं, ते आमचेच श्वास होते. दोन माणसांच्या उच्छ्वासातून रात्रभरात तांब्याभर पाणी सहज बाहेर पडतं आणि थंड पत्र्यावर जमतं. गादी ओली, चादरी ओल्या, आठवड्याने खोळीला काळी बुरशी. तेव्हापासून कितीही थंडी असो, दोन्ही बाजूंच्या काचा चार बोटं उघड्या. सरकत्या दाराची काच अर्धीच सरकते, तेवढी पुरते. दारांना आणि डिकीला बसतील अशा मच्छरदाणीच्या जाळ्या शिंप्याकडून शिवून घेतल्या, कडेला लोहचुंबकाच्या पट्ट्या. नऊशे रुपये, आणि अख्ख्या गाडीत मला सर्वांत प्रिय वस्तू तीच.

दुसरी गोष्ट उकाडा. मे महिन्यात वेंगुर्ल्याला गेलो हा शुद्ध आगाऊपणा होता. दिवसभर तापलेला पत्रा मध्यरात्रीपर्यंत निवत नाही. काचांच्या मापाचे चकाकत्या फॉइलचे पडदे कापून थांबल्यावर आतून लावतो, त्याने दुपारी फरक पडतो, रात्री नाही. रात्री फक्त वारा कामाचा. पहिल्यांदा पंखा गाडीच्याच बॅटरीवर लावला आणि सकाळी गाडी चालूच होईना. एका टेम्पोवाल्याने केबल लावून दिली आणि वर चहाही पाजला. आता वेगळी 50 अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आहे. हिशेब सोपा: ती सुमारे 640 वॅट-तास देते, पंधरा वॅटचा पंखा आठ तास चालला की 120 जातात. दिवा आणि दोन फोन धरून तीन रात्री आरामात निघतात. इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचं कुणाच्या मनात असेल तर नको. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत आला तर वासही येत नाही, जागही येत नाही. त्याच कारणाने आत शेगडीही नाही. चहा-पोहे डिकीखाली, बाहेर उभं राहून.

तिसरी गोष्ट कुणी लिहीत नाही, आणि बायकांना आधी तीच विचारायची असते. सकाळचं काय? दिवसा पेट्रोल पंप आहेत, तिथलं स्वच्छतागृह वापरू देणं त्यांचं कर्तव्यच आहे. मात्र स्वच्छ असेलच असं नाही, म्हणून साबण आणि बादली आपली. रात्रीसाठी घडीची कमोड-खुर्ची घेतली, आजारी माणसांसाठी मिळते ती. लाज वाटायची ती दोन रात्रीच. पण खरा उपाय गाडीत नाहीच, गाडी कुठे लावता त्यात आहे. शिरोड्याला किनाऱ्यावर निवांत जागा बघून थांबलो होतो, अकरा वाजता पोलिसांनी काच वाजवली. सभ्यपणे बोलले, नाव-नंबर लिहून घेतला आणि वस्तीजवळ जायला सांगितलं. तेव्हापासून आम्ही निर्जन जागा शोधणं सोडलं. नरसोबाच्या वाडीला वाहनतळावर झोपलो, पहाटे कृष्णेच्या घाटावर अंघोळ आणि काकड आरती. देवस्थानांच्या गावात पाणी असतं, दिवा असतो, माणसांची जाग असते. कोकणात सरळ एखाद्या घरी विचारतो, अंगणात गाडी लावू का, दोनशे-तीनशे रुपये देऊ. वेंगुर्ल्याच्या एका आजींना हे अजिबात पटलं नाही. “गाडयेत कित्याक झोपतास? घरात जागा आसा.” शेवटी गाडीतच झोपलो, पण सकाळी उकड्या तांदळाची पेज त्यांच्याच चुलीवरची.

हंपीला सहा दिवस होतो. तिथे पहिल्यांदा वाटलं की गाडी हवीच होती. पहाटे पाचला उठून मातंग टेकडीच्या पायथ्याशी, दुपारी दोन ते चार झाडाखाली दारं उघडी टाकून झोप. लॉजवर राहिलो असतो तर ही दुपार मिळाली नसती. खर्चाचं म्हणाल तर फार वाचत नाही. भरलेल्या गाडीला लिटरमागे चौदाच्या आसपास मिळतात. महिन्यातून चार रात्री जाणाऱ्याने नुसता पैशाचा हिशेब केला तर लॉज स्वस्त पडेल.

मग रूपांतर करावं का? वर्षाचे शंभरेक दिवस बाहेर असाल आणि ही गाडी दुसऱ्या कशाला लागणार नसेल, तर कागदपत्रांसकट रीतसर करून घ्या, किंवा आधी भाड्याची कॅरव्हॅन घेऊन चार दिवस राहून बघा. आमच्यासारख्यांनी निदान पहिल्या दहा रात्री गादी, जाळी आणि बादली एवढ्यावर काढाव्यात. आमची अकरावी रात्र सुताराच्या आधी आली असती तर बावीस हजार वाचले असते.

यांच्या डोक्यात आता छपराचा पंखा आहे. अर्ज कसा करायचा याची माहिती काढताहेत, मी गप्प आहे. पाऊस सुरू झाल्यापासून बाकडं परत जागेवर आहे, पेट्या माळ्यावर, आणि दर पंधरवड्याला सासूबाई खिडकीजवळची जागा धरून दवाखान्यात जातात. परवा आजऱ्याहून येताना त्याच गाडीतून तांदळाची पाच पोती आली.