बन्सी गव्हाचा पास्ता: गारखेड्यातील एका घरगुती इटालियन हॉटेलविषयी

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा परिसरात, सूतगिरणी चौकापासून जरा आत, एका राहत्या घराच्या तळमजल्यावर सात टेबलांचे एक इटालियन हॉटेल आहे. गेल्या आठ महिन्यांत आम्ही तेथे पाच वेळा जेवलो. त्यांपैकी चार जेवणे मनापासून आवडली आणि एक बिघडले. त्या बिघडलेल्या जेवणाविषयीही लिहायचे असल्याने हॉटेलचे नाव येथे देत नाही; निळे लोखंडी फाटक आणि फाटकाशी सब्जाच्या कुंड्यांची रांग दिसली की आपण योग्य घरी पोहोचलो, असे समजावे.

आमच्या शहरात इटालियन म्हणून जे मिळते, त्याची चव एव्हाना सर्वांच्या परिचयाची झाली आहे. फार शिजून मऊ पडलेला पास्ता, मैदा आणि दुधाचा दाट पांढरा सॉस, त्यात मक्याचे दाणे व ढोबळी मिरची, वर चीजचा जाड थर आणि सोबत ओरेगॅनोची पुडी. मुले ते आवडीने खातात आणि त्यांच्या आवडीला मी नावे ठेवणार नाही. परंतु त्या सॉसखालचा पास्ता कोणत्या धान्याचा आहे, हे खाणाऱ्याला कधी कळत नाही. गारखेड्यातील या घरात मला प्रथमच पास्त्याच्या पिठाची चव कळली, आणि ती चव आपल्या ओळखीची निघाली. हे सविस्तर लिहावेसे वाटले ते त्यामुळेच.

हॉटेल घरातील चौघेच चालवतात. काका पूर्वी अजिंठा-वेरूळ पाहण्यास येणाऱ्या इटालियन पर्यटकांचे मार्गदर्शक होते आणि वीसेक वर्षे त्यांच्यासोबत हिंडून ती भाषा सफाईने बोलू लागले. दिवसभर लेण्यांच्या पायऱ्या चढून थकलेले हे पाहुणे रात्री ताटात पास्ता आला की दोन घास खाऊन थांबत आणि तो फार शिजला आहे, अशी कुरकुर काकांजवळ करत. अशाच काही पाहुण्यांना काकांनी घरी जेवायला आणले, त्यांतील दोन वयस्कर बायकांनी काकूंच्या ओट्याशी उभे राहून पास्ता वळून दाखवला, आणि काकूंच्या हातात ती विद्या बसली. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे लेणी बंद झाली, पर्यटकही थांबले, आणि हॉटेल मॅनेजमेंट शिकून पुण्यात नोकरी करणारा मुलगा पत्नीसह घरी परतला. आता मुलगा भट्टी सांभाळतो, सूनबाई सॉस आणि हिशेब पाहतात, काकू पीठ मळतात आणि काका वाढतात.

भिंतीवर अजिंठ्याच्या पद्मपाणीचे मोठे छायाचित्र आहे. निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात अजिंठ्याची चित्रे सांभाळण्यासाठी लोरेन्झो चेकोनी आणि काउंट ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ बोलावले होते, सुटू लागलेले रंगाचे पोपडे त्यांनी जागच्या जागी बसवले, मात्र चित्रांवर चढवलेले व्हार्निश पुढे पिवळे पडले, हा इतिहास काका त्या छायाचित्राखाली उभे राहून सांगतात. जेवणाची वाट पाहताना तो ऐकायला मला आवडला.

आता पास्त्याविषयी. जेवणघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधील भिंतीत एक रुंद खिडकी ठेवलेली आहे आणि तिच्यापाशीच काकूंचा मोठा लाकडी पाट असतो. खिडकीजवळच्या टेबलावर बसल्यास सारे दिसते. काकू बन्सी गव्हाचा बारीक रवा कोमट पाण्यात घट्ट भिजवतात. त्यात ना अंडे, ना मैदा, ना तेल. गोळा अर्धा तास ओल्या फडक्याखाली मुरला की त्याची करंगळीएवढी जाड वळी करतात, तिचे नखाएवढे तुकडे पाडतात, आणि बोथट सुरीच्या पात्याने प्रत्येक तुकडा पाटावर दाबून आपल्याकडे ओढतात. ओढताना तुकड्याची वाटी होते. ती अंगठ्यावर घेऊन उलटी केली की एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी खरबरीत असा इवलासा कान तयार होतो. या आकाराचे नावच ओरेकिएत्ते, म्हणजे छोटे कान, आणि तो मूळचा दक्षिण इटलीतील पुलिया प्रांताचा. खरबरीत बाजूला सॉस धरून राहतो, म्हणून ते ओढणे आवश्यक असते. काकूंचा हात इतका बसलेला आहे की बोलता बोलता मिनिटाला वीस-पंचवीस कान पाटावरून कडेला सरकतात.

दुसऱ्या खेपेस सासूबाई सोबत होत्या. त्या बराच वेळ खिडकीतून पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “अगं बाई, ह्या तर नखुल्याच की!” काकूंनी मान वर करून हसत उत्तर दिले, “नखुल्याच हो मावशी, जरा मोठ्या. नखाच्या जागी सुरी आली, एवढंच.” त्यानंतर दोघींचे बोलणे रुखवतात मांडल्या जाणाऱ्या गव्हल्या, मालत्या, बोटवे यांवर गेले. सासूबाईंचे माहेर हिंगोलीकडचे. तिकडे काडीवर पिठाची वात गुंडाळून केलेले सरगुंडे वाळवून ठेवत आणि ते उकडून आमरसाशी वाढत. दक्षिण इटलीतही काडीवर गुंडाळून असाच पास्ता करतात, हे काकांनी तेव्हा सांगितले. ज्या घरात वरणफळे आणि शेंगोळे शिजतात, त्या घराला पास्ता परका वाटण्याचे काही कारण नाही, असे माझे त्या दिवसापासून मत झाले आहे.

या सारखेपणाच्या मुळाशी गहू आहे. वाळवलेला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच असावा, असे इटलीत १९६७ च्या कायद्यापासून बंधन आहे. आपल्याकडील बन्सी हा त्याच ड्युरम जातीचा गहू. दाणा कडक, पिवळसर आणि काचेसारखा चमकणारा. शेवयांसाठी जुनी माणसे तो मुद्दाम मिळवत, कारण त्याची शेवई शिजल्यावर तुटत नाही आणि चिकट होत नाही. मैद्याचा पास्ता दोन मिनिटे जास्त राहिला की त्याचा लगदा होतो, तर बन्सीचा पास्ता उकळत्या पाण्यात आपला आकार धरून राहतो आणि चावताना त्याला गव्हाचा गोडसर वास येतो. हा वास यावा म्हणूनच येथे सॉस बेताचा घालतात.

पास्ता मागणी आल्यावरच पाण्यात टाकला जातो. शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ हे इटालियन घरांतील प्रमाण येथे पाळले जाते. शिजलेला पास्ता दाताला किंचित लागला पाहिजे. इटालियन लोक त्याला ‘अल देन्ते’ म्हणतात. आपल्याकडील काही ग्राहक असा पास्ता कच्चा समजून परत पाठवतात. काका त्यांच्याशी वाद घालत नाहीत; एकदा समजावून सांगतात, आणि तरीही मऊच हवा असेल तर दोन मिनिटे अधिक शिजवून आणतात. ही रीत मला फार योग्य वाटते. ज्येष्ठांनी आणि दातांचा त्रास असणाऱ्यांनी मागणी देतानाच मऊ हवा असे सांगावे.

ओरेकिएत्ते टोमॅटोच्या सॉसमध्ये घ्यावेत. सॉसमध्ये टोमॅटो, लसूण, ऑलिव्ह तेल, मीठ आणि शेवटी हाताने तोडून टाकलेली सब्जाची पाने, इतकेच असते. फालुद्यात आपण ज्याचे बी घालतो, तो सब्जा म्हणजेच इटालियनांची बेसिल, आणि ती आपल्या तुळशीच्या कुळातली. याच पानांचा पेस्टोही येथे दगडी खलात कुटून करतात. जिनोआच्या मूळ पेस्टोत चिलगोज्याच्या जातीचे दाणे असतात. येथे काजू वापरले आहेत आणि मेन्यूकार्डावर तसे स्पष्ट छापले आहे. पण माझी सर्वांत आवडती थाळी ‘आल्यो ए ओल्यो’, म्हणजे लसूण आणि तेलातला शेवयांसारखा लांब पास्ता, ही आहे. लसणाचे पातळ काप मंद आचेवर तेलात सोनेरी होईपर्यंत परततात, सुकी लाल मिरची चुरडून टाकतात, आणि मग पास्ता शिजवलेल्या पाण्याचे दोन पळे त्या तेलात ओतून कढई जोराने हलवतात. पाण्यात उतरलेल्या पिठामुळे तेल व पाणी एकजीव होते आणि प्रत्येक शेवेवर पातळ, चकचकीत लेप बसतो. फोडणी ज्याला कळते त्याला हा पदार्थ पहिल्या घासातच कळेल. लसूण क्षणभर जास्त राहिला की कडू होतो; पाचही वेळा तो कडू झालेला नव्हता, याचे श्रेय सूनबाईंना द्यावे लागेल.

पिझ्झा चांगला आहे, मात्र पास्त्याच्या तोडीचा नाही. नेपल्सच्या पिझ्झा भाजणाऱ्यांच्या कलेचा समावेश २०१७ मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. तेथे लाकडाच्या भट्टीत, साडेचारशे अंश सेल्सिअसच्या आसपासच्या धगीत, पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो, त्यामुळे कडा फुगतात आणि आतून ओलसर राहतात. येथील विजेची भट्टी तेवढी तापत नाही. पिझ्झाला सहा-सात मिनिटे लागतात आणि पोळी कुरकुरीत होते. कुटुंबाने त्याला नेपल्सचा पिझ्झा म्हटलेले नाही, ही गोष्ट मला आवडली. म्हशीच्या दुधाचे ताजे मोझरेला आठवड्यातून दोनदा घरीच करतात. ज्या दिवशी ते असते त्या दिवशी मार्गेरिता अवश्य मागवावा.

शाकाहारी वाचकांसाठी एक महत्त्वाची माहिती. पार्मेझान म्हणून ओळखले जाणारे पार्मिज्यानो रेज्ज्यानो हे चीज वासराच्या जठरातील रेनेट वापरून दूध फाडून केले जाते, त्यामुळे ते काटेकोर अर्थाने शाकाहारी नाही. अनेक ठिकाणी ही बाब ग्राहकाला सांगितली जात नाही. येथे मेन्यूकार्डाच्या पहिल्याच पानावर ती मराठीत लिहिली आहे, शाकाहारी थाळ्यांसाठी सूक्ष्मजीवांच्या रेनेटवर केलेले वेगळे चीज आहे, आणि दोन्हींच्या किसण्या वेगळ्या रंगाच्या आहेत. सासूबाई माळकरी आहेत. त्यांनी विचारताच सूनबाईंनी दोन्ही पाकिटे आणून दाखवली, तेव्हाच त्या निश्चिंतपणे जेवल्या.

रिसोत्तो मात्र मागवू नये. या पदार्थाला आर्बोरिओसारखा पिष्ट सोडणारा तांदूळ लागतो आणि तो थोडे थोडे गरम पाणी घालत, ढवळत शिजवावा लागतो. येथे आंबेमोहोर वापरतात. कल्पना चांगली आहे, वासही सुरेख येतो, परंतु तो तांदूळ लवकर मोडतो आणि ताटात आल्यावर मऊ खिचडीसारखा होतो. मी दोनदा खाल्ला आणि दोन्ही वेळा हेच झाले.

बिघडलेले जेवण मे महिन्यातील एका रविवारचे. पारा ४२ च्या पुढे होता, सातही टेबले भरलेली होती आणि बाहेर आणखी तीन कुटुंबे थांबली होती. आमचा पिझ्झा पन्नास मिनिटांनी आला. उन्हाळ्याने पीठ जास्त आंबले होते. पोळी आंबट लागत होती आणि मध्ये फाटली होती. मुलासाठी सांगितलेला पास्ता तर विसरलाच गेला. सांगितल्यावर काकांचा मुलगा स्वतः टेबलाशी आला आणि म्हणाला, “ताई, हे पीठ मी द्यायलाच नको होतं, चूक माझी आहे.” पिझ्झाचे पैसे बिलातून वजा झाले. त्याचा प्रामाणिकपणा मी मानते, तरीही पीठ बिघडले आहे हे भट्टीत घालण्यापूर्वीच सांगितले असते तर आम्ही आनंदाने पास्ता मागवला असता. चौघांच्या हातांना झेपतील तेवढीच माणसे रविवारी आत घ्यावीत, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे आणि ती मी तेव्हाच त्यांच्याकडे बोलूनही दाखवली.

दर वाजवी आहेत. आम्ही पाच जण पोटभर जेवलो तेव्हा बिल साधारण दोन हजार रुपये झाले. त्यात तीन पास्ते, दोन पिझ्झे आणि तिरामिसू या कॉफीच्या गोड पदार्थाच्या दोन थाळ्या होत्या. तिरामिसूत मास्कारपोने या मऊ इटालियन चीजऐवजी घरचा चक्का व साय वापरली आहे, त्यामुळे ते जरा आंबूस लागते. कॉफी मात्र कडक आणि ताजी असते. फाटकापासून आत दोन पायऱ्या आहेत, चाकाची खुर्ची आणायची झाल्यास आधी फोन करावा. गाडी लावायला जागा कमी आहे. सोमवारी हॉटेल बंद असते.

शिजवलेला पास्ता येथे बांधून देत नाहीत, कारण डब्यात तो मऊ पडतो. त्याऐवजी गच्चीवर वाळवलेले ओरेकिएत्ते अर्ध्या किलोच्या कागदी पुडीत मिळतात आणि पुडीवर काकूंच्या अक्षरात पाण्याचे व मिठाचे प्रमाण लिहिलेले असते. सासूबाईंनी त्यांतले मूठभर घरी उकडले आणि आमरसात घालून खाल्ले. त्यांच्या मते सरगुंड्यांपेक्षा ते थोडे जाड आहेत, पण पीठ चोख आहे. पावसाळी हवेत ते नीट वाळत नाहीत, म्हणून जूनपासून दिवाळीपर्यंत पुडी मिळत नाही. हवी असल्यास मेअखेरीसच सांगून ठेवावी.