बेटावर एकट्याने राहताना: लगूनकाठी की मोकळ्या समुद्राकडे?

सोबतीला कोणी नसेल आणि निवांतपणा हवा असेल, तर खोली लगूनच्या, म्हणजे प्रवाळाच्या कडेआड अडलेल्या उथळ पाण्याच्या, बाजूलाच घ्या. प्रवाळाची कड लाटा बाहेरच फोडते, त्यामुळे आतलं पाणी संथ राहतं.

मात्र इथे दिवस ठरवते ती भरती-ओहोटी. ओहोटीला पाणी गुडघ्याखाली उतरलं की पोहणं संपलं. चालत जावं तर प्रवाळाने पाय कापले जातात, शिवाय पायाखाली प्रवाळ मोडतं ते वेगळंच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांत तर ओहोटीला पाणी आणखी मागे हटतं. म्हणून पूर्ण भरतीच्या तासभर आधी उतरा आणि पाणी फिरायच्या आत बाहेर या. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज धरू नका. कडेतल्या खिंडीपासून लांब राहा. ओहोटीचं पाणी तिथूनच जोरात बाहेर धावतं. स्नॉर्कलिंग करताना, म्हणजे तोंडात श्वासनळी धरून पालथं तरंगत पाण्याखाली बघताना, पाठ कधी भाजली ते गार पाण्यात कळत नाही, म्हणून लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घालाच.

मोकळ्या किनाऱ्यावर वारा खेळता असतो, डास कमी. फेरफटक्याला झकास, एकट्याने पोहायला नाही. फुटणाऱ्या लाटांमधला शांत दिसणारा पट्टा बहुधा खोल समुद्राकडे ओढणारा प्रवाह असतो आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. अडकलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा, मग लाटांबरोबर परत या. जीवरक्षक नसेल तिथे घोटाभर पाण्यापुढे जाऊच नका.