प्रोपेलर दाखवायला गेलो, टॅकोमीटर बदलून आलो

माझं एक जुनं, एका इंजिनाचं छोटं विमान आहे, पायपर ॲरो. माझं म्हणजे एक तृतीयांश माझं. बाकीच्या दोघांच्या मते पुढचा तिसरा हिस्सा माझा, कारण दुखणी तिकडेच निघतात. 200 अश्वशक्तीचं लायकॉमिंग इंजिन, त्यावर हार्टझेलचा दोन पात्यांचा कॉन्स्टंट-स्पीड प्रोपेलर (पात्यांचा कोन आपोआप बदलून फेऱ्या ठरलेल्या आकड्यावर ठेवणारा).

गेल्या काही महिन्यांत तीन तक्रारी जमल्या होत्या. टेकऑफला पूर्ण थ्रॉटल देऊनही टॅकोमीटरचा (फेऱ्या दाखवणाऱ्या मीटरचा) काटा मिनिटाला 2700 फेऱ्यांऐवजी 2630 वर थांबायचा. क्रूझमध्ये (सरळ, स्थिर उड्डाणात) आरपीएम, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्यांचा आकडा, पन्नास-साठने वरखाली व्हायचा, इंजिनचा आवाज झोके घेतल्यासारखा यायचा. आणि 2400 ला सीटखाली अशी थरथर, की मांडीवरचा नकाशा सरकत सरकत खाली पडायचा.

आधीच्या वर्कशॉपने (नाव घेत नाही) स्पिनरही (प्रोपेलरच्या मधलं टोकदार टोपण) न काढता निदान केलं: प्रोपेलर पूर्ण ओव्हरहॉलला (सगळा खोलून दुरुस्तीला) पाठवा, आणि तोवर गव्हर्नरचा (फेऱ्या नेमून ठेवणाऱ्या यंत्राचा) हाय-आरपीएम स्टॉप स्क्रू, म्हणजे कमाल फेऱ्यांची मर्यादा ठरवणारा, थोडा फिरवून 2700 'आणून' देतो. त्या स्क्रूला मी हात लावू दिला नाही. तो निव्वळ हट्ट होता, अक्कल नव्हे, पण त्या हट्टाने इंजिन वाचलं.

आता ज्यांचा हा रिव्ह्यू, ते प्रोपेलर आणि बॅलन्सिंगचं काम करणारं छोटं दुकान. दोनच माणसं. थोरल्याने पहिला प्रश्न विचारला, "काटा 2630 दाखवतो हे ठीक. प्रोपेलर किती फिरतो ते कोणी बघितलंय?" कोणीच बघितलं नव्हतं. त्याने हातातला ऑप्टिकल टॅकोमीटर दोन पात्यांवर सेट केला (तीनवर राहिला तर आकडा साफ चुकतो), मागच्या सीटवर बसला आणि आम्ही एक चक्कर मारून आलो. आमचा काटा 2630 वर असताना त्याच्या यंत्रावर 2700. केबलवर चालणारे जुने टॅकोमीटर वयाने असे कमी दाखवू लागतात. म्हणजे पहिली तक्रार तक्रारच नव्हती. तो स्क्रू फिरवला असता तर दर टेकऑफला इंजिन 2770 ने पळालं असतं आणि आम्ही काट्यावरचे 2700 बघून खूश झालो असतो. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला!

यातली मला जास्त खुपलेली गोष्ट वेगळीच. या इंजिन-प्रोपेलर जोडीला 2100 ते 2350 या पट्ट्यात सतत चालवायची मनाई आहे, त्या फेऱ्यांना पात्यांवर कंपनाचा ताण वाढतो म्हणून. मी उतरताना काटा शहाण्यासारखा 2050 वर ठेवायचो. म्हणजे प्रत्यक्षात 2120. मनाईच्या पट्ट्यात मीच आरामात बसलेलो असायचो.

दुसरी तक्रार खरी निघाली. आमच्यासारख्या सिंगल-इंजिन विमानात गव्हर्नर इंजिनचंच तेल दाबाने हबमध्ये (पाती जिथे बसतात त्या मधल्या भागात) पाठवतो. तेल आत गेलं की पात्यांचा कोन वाढून फेऱ्या उतरतात, परत आलं की फेऱ्या चढतात. हा प्रवाह अडखळला की आरपीएम झोके घेतो. त्यांनी गव्हर्नर उतरवला, तर त्याच्या गॅस्केटमधल्या बारीक जाळीवर काळा चिकट गाळ. धातूचे कण असते तर गोष्ट इंजिनपर्यंत गेली असती, म्हणून ऑइल फिल्टर कापून माझ्यासमोर उलगडून बघितला. कण नव्हते. गव्हर्नरच्या आर्मवरचा केबलचा जोडही झिजून ढिला झाला होता. गॅस्केट नवं, जोड नवा, झोके बंद.

थरथरीचं काम बघायला मजा आली. इंजिनच्या पुढच्या बाजूला सेन्सर, एका पात्याच्या मागे चमकती टेप, विमानाचं तोंड वाऱ्याकडे. कंपनाच्या आलेखात दोन शेंडे आले: एक 40 हर्ट्झला, एक 20 ला. 2400 फेऱ्या म्हणजे सेकंदाला 40, तेव्हा पहिला शेंडा प्रोपेलरच्या वजनातल्या फरकाचा. दुसरा त्याच्या निम्मा. फोर-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, त्यामुळे एखादा सिलिंडर कमी जोर लावत असेल तर तो तिथे दिसतो. इंधनाचा एक नोझल अर्धवट तुंबलेला निघाला. तो साफ करून मग बॅलन्सिंगला हात घातला. उलट क्रमाने केलं असतं तर वजनं लावत बसलो असतो आणि निम्मी थरथर तशीच राहिली असती. सुरुवातीला 0.42 आयपीएस (इंच प्रति सेकंद, कंपनाचं माप), स्पिनरच्या मागच्या प्लेटवर वजनं लावत चार रननंतर 0.05. आकडा 1.2 च्या वर गेला असता तर वजनं लावणारच नव्हतो, मग प्रोपेलर उतरवून आधी स्टॅटिक (न फिरवता) बॅलन्सिंग, असं धाकट्याने सांगितलं. नकाशा आता मांडीवरच राहतो.

जाता जाता पात्याच्या पुढच्या कडेवरचे खड्यांचे दोन टवकेही काढून दिले. खोलीच्या साधारण दहापट लांबीत कड हळुवार उतरवून, नुसतं कानसून नव्हे. त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत.

आता नाराजी. वजनं किती आणि कुठल्या भोकांत लावली याची लॉगबुकात नोंद हवी. ती मिळायला तीन फोन आणि अकरा दिवस लागले. त्या नोंदीशिवाय मी विमान हलवणार नव्हतो, त्यामुळे ते अकरा दिवस ॲरो त्यांच्याच शेडबाहेर उभं. स्पिनरच्या स्क्रूंपैकी एक भलताच लावला होता, तो मी दाखवल्यावर बदलला. आणि थोरल्याला प्रश्न विचारलेले आवडतात, पण उत्तरं तो इंजिन चालू असतानाच देतो.

पाचपैकी चार तारे. नवा टॅकोमीटर डिजिटल घेतलाय, तिघांनी पैसे वाटून. त्यावर हिस्सेदारांचं म्हणणं असं की पॅनेलसुद्धा पुढेच येतं.