काचेचं मशीन गेलंय: घरी बदलायचं, बाहेर करून घ्यायचं की सर्व्हिस सेंटरला द्यायचं?

पॉवर विंडोची काच एकदा दारात खाली पडली की विचार करायला फार वेळ मिळत नाही, आणि त्यात पावसाळा असेल तर अजिबातच नाही. आमची पुण्यातली गाडी दहा वर्षं जुनी हॅचबॅक आहे, चारही काचा पॉवरच्या, आणि आत्तापर्यंत तीन दारांची मशीनं (काच वर-खाली करणारी दाराच्या आतली यंत्रणा, रेग्युलेटर) गेलीत. ड्रायव्हरचं दार सर्व्हिस सेंटरला केलं, मागचं उजवं बाहेरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे, आणि या जूनमधे पुढचं डावं दार मी स्वतः सोसायटीच्या पार्किंगमधे उघडलं. म्हणजे एकाच गाडीला तिन्ही रस्ते चालून झालेत, त्यामुळे आज ज्यांची काच टेप लावून उभी आहे त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय.

पण कुठे करायचं हे ठरवायच्या आधी नक्की काय गेलंय ते बघा, कारण इथेच लोकांचे पैसे जातात. बटण दाबल्यावर आतून मोटर फिरल्याचा आवाज येतोय, घर्रर्र किंवा टकटक, आणि काच हलत नाहीये किंवा वाकडी होऊन एका बाजूने खाली गेलीय, तर मशीनच गेलंय. काच धरणारा प्लास्टिकचा तुकडा तुटलाय, नाहीतर स्टीलची बारीक केबल सुटून पुलीत गुंडाळली गेलीय. आवाजच येत नसेल तर मशीन विकत घ्यायला पळू नका. आधी फ्यूज बघा, मग ड्रायव्हरच्या बटणाने आणि त्या दाराच्या स्वतःच्या बटणाने असं दोन्हीकडून करून बघा, एकाने चालतंय आणि दुसऱ्याने नाही म्हणजे बटण गेलंय. दार थोडं उघडं-बंद केल्यावर मधूनच चालत असेल तर बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर तुटलेली असते, दार हजारो वेळा उघडून तिथेच वायर मोडते. आणि काच नुसती हळू चढत असेल, वर जाताना कण्हल्यासारखं करत असेल, तर बहुतेक वेळा कडेचं चॅनेल रबर कोरडं आणि धुळीने भरलेलं असतं. ते ओल्या फडक्याने पुसून सिलिकॉन स्प्रे मारला की कित्येकदा काम होतं. ग्रीस किंवा इंजिन ऑइल तिथे लावू नका, रबर फुगतं आणि धूळ धरून बसते.

मोटर गेलीय की नाही हे मल्टिमीटरने कळतं. साध्या गाड्यांत मोटरच्या प्लगच्या दोन पिनांमधे बटण वर दाबल्यावर १२ व्होल्टच्या आसपास दिसतात आणि खाली दाबल्यावर तेवढेच पण उलटे, म्हणजे मायनसमधे. एवढं येतंय, प्लग घट्ट बसलाय आणि तरी मोटर गप्प, तर मोटर गेली. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, काच सारखी वर-खाली करत बसलात तर मोटर तापून आपोआप थांबते, आत तशी सोयच असते, ती थंड झाली की परत चालते, तेव्हा पाचदहा मिनिटं थांबा आणि मगच तिला मेलेली म्हणा.

आता पैसे. सर्व्हिस सेंटरला मोटरसकट पूर्ण सेट आणि मजुरी धरून मला ४,८५० रुपये लागले, पार्ट यायला तीन दिवस, आणि गाडी अर्धा दिवस तिकडे. बाहेरच्या माणसाने लोकल मशीन टाकून १,९०० घेतले आणि तासाभरात गाडी हातात दिली. घरी मला मशीन १,३५० ला पडलं (बिना मोटरचं, जुनी मोटर चांगली होती), पॅडच्या (दाराच्या आतल्या बाजूचं प्लास्टिकचं आवरण) क्लिपा १२०, पॅड उचकटायचे प्लास्टिकचे पाने ३५०, आणि चिकट ब्युटाइल टेप २००, म्हणजे झाले २,०२०. बघा, बाहेरच्यापेक्षा पहिल्या वेळी घरचं काम स्वस्त पडलंच नाही, वर माझे साडेचार तास गेले. हे मुद्दाम सांगतोय कारण घरी केलं की अर्ध्या पैशात होतं असं जे बोलतात ते पाने आणि वेळ धरत नाहीत. पैसे वाचतात ते सर्व्हिस सेंटरच्या तुलनेत, किंवा दुसऱ्या दाराच्या वेळी. आणि जुनं बिल समोर ठेवून हिशोब करत असाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सगळ्या पार्टवर जीएसटी १८ टक्के झालाय, त्याआधी बऱ्याच पार्टवर २८ होता, तेव्हा जुन्या आकड्यावर जाऊ नका, ताजा भाव विचारा. इन्शुरन्समधून होईल का असं घरात विचारलं गेलं होतं, तर नाही, नेहमीच्या पॉलिसीत झीज आणि आपोआप बिघडलेली वस्तू बसत नाही. एक्स्टेंडेड वॉरंटी चालू असेल तर मात्र आधी ती काढून वाचा, आणि तशी असेल तर दाराला हात न लावता सरळ सर्व्हिस सेंटर.

मग मी तरी घरी का केलं? कारण मागच्या उजव्या दाराचा अनुभव. त्या ऑटो इलेक्ट्रिशियनचा हात फार चपळ होता, काच आजही झकास चालते, पण त्याने पॅडच्या आतली प्लास्टिकची शीट टराटरा फाडून बाजूला टाकली आणि परत लावलीच नाही. मला तेव्हा त्या शीटचं महत्त्व माहीत नव्हतं. दोन महिन्यांनी पावसात मागच्या सीटच्या पायाशी मॅट ओली, मग वास, मग कार्पेट उचललं तर खाली फोम पाण्याने पचपचीत. काचेला बाहेरून टेकलेल्या रबरी पट्टीतून, म्हणजे बिडिंगमधून, पावसाचं पाणी दाराच्या आत जातंच, नवी गाडी असली तरी जातं, दार तसंच बनवलेलं असतं. ते पाणी आतून खाली उतरतं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून रस्त्यावर पडतं. त्या पाण्याला गाडीच्या आतल्या बाजूला येऊ न देणारी एकच गोष्ट म्हणजे ती शीट, आणि तिची खालची कड चिकटलेली असली तरच. आपल्याकडे चार महिने पाऊस, कोकणात आणि घाटमाथ्यावर तर विचारूच नका, आणि तरी ही शीट कामवाले सगळ्यात आधी फाडतात कारण वरून पॅड बसलं की दिसत नाही. कार्पेट वाळवणं, फोम बदलणं यात माझे मशीनपेक्षा जास्त पैसे गेले, आणि आईला त्या वासाने दमा उसळायचा, ती मागे बसायलाच तयार नव्हती. म्हणून माझ्या दृष्टीने या तिन्ही पर्यायांची खरी तुलना शीट परत नीट लागते की नाही याच्यावर आहे. सर्व्हिस सेंटरने ड्रायव्हरच्या दाराची शीट नीट लावली होती, ते दार आजही कोरडं आहे. बाहेर द्यायचं असेल तर माणूस चांगला बघाच, पण समोर उभं राहा, शीट ब्लेडने सावकाश सोडवायला सांगा, चिकट काळा डिंक धुळीने भरू देऊ नका, आणि फाटलीच तर जाड प्लास्टिक कापून नवीन लावायला सांगा, त्याचे शंभर-दोनशे जास्त द्या.

पार्ट कुठला घ्यायचा हा दुसरा घोळ. कंपनीचा बहुतेक पूर्ण सेट मिळतो आणि महाग असतो, पण बसतो बरोबर. लोकलमधे दोन प्रकार दिसतात, एक नाव असलेल्या स्पेअर कंपन्यांचा, डब्यावर पार्ट नंबर असलेला, आणि एक नुसत्या पिशवीतला. पिशवीतला घेऊ नका असंच मी म्हणेन, त्यातली काच ज्यावरून सरकते ती पट्टी हाताने वाकते आणि पट्टी जराशी वाकडी असली की काच एका कोपऱ्यात अडकते, मग मोटरवर लोड येतो आणि मोटर लवकर जाते. मी नाना पेठेतून डब्यातला घेतला, जुना सोबत नेऊन शेजारी ठेवून बघितला, भोकं जुळतायत का, केबलची लांबी तेवढीच आहे का, डावा-उजवा बरोबर आहे का. हे सगळं दुकानातच बघायचं, ऑनलाइन मागवलं तर निदान दाराची बाजू आणि गाडीचं साल तीनदा तपासा. मुंबईवाल्यांसाठी कुर्ल्याचा बाजार आहेच. जुन्या गाडीतून काढलेलं मशीन स्वस्त मिळतं पण त्यातलं प्लास्टिक तेवढंच जुनं असतं, त्यापेक्षा जुनी मोटर घेतलेली परवडते.

आता घरी कोणी करू नये ते सांगतो. एक म्हणजे ज्यांच्या दारात मशीन नटांऐवजी रिव्हेटने ठोकलेलं आहे त्यांनी, ते ड्रिलने काढावं लागतं आणि परत मोठ्या पॉप रिव्हेटने किंवा योग्य नटबोल्टने बसवावं लागतं, घरच्या छोट्या रिव्हेट गनने ते ओढलं जात नाही. दुसरं, कात्रीसारखे लोखंडी हात असलेलं मशीन. त्यात काचेचं वजन पेलायला जाड स्प्रिंग असू शकते, हात बांधून न ठेवता मोटर काढली की तो हात झपकन फिरतो आणि बोट मोडू शकतं, हे मी घाबरवायला सांगत नाहीये, खरंच नीट माहिती असल्याशिवाय त्याला हात लावू नका. तिसरं, साइड एअरबॅगवाल्या काही गाड्यांत दाराच्या आत दाब ओळखणारा सेन्सर असतो, धडक बसली की दाराच्या आतल्या हवेचा दाब एकदम वाढतो तो त्याला कळतो, आणि त्यासाठी दार आतून नीट बंद लागतं. म्हणजे तिथे ती शीट नुसतं पाणी अडवत नाही, तिथे जिवाचा प्रश्न आहे. अशा गाडीला सर्व्हिस सेंटरच, पैसे जास्त गेले तरी. ज्यांची मोटर स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक मोड्यूलसकट येते त्यांनाही तेच सांगेन, तिथे मल्टिमीटरची वरची युक्तीपण चालत नाही.

बाकी साधी छोटी गाडी, केबलवालं मशीन, दहा एमएमच्या नटांवर बसलेलं, डोक्यावर छप्पर असलेलं पार्किंग आणि एक मोकळी रविवार सकाळ, हे चारही असेल तर घरी करा, जमतं. संध्याकाळी सुरू करू नका. बॅटरीची मायनस आधी काढा. पॅडचे स्क्रू आतल्या हँडलच्या मागे, ओढायच्या खाचेत आणि बटणांच्या पट्टीखाली लपलेले असतात, सगळे निघाल्याशिवाय ओढलंत तर पॅड तडकतं. मग खालच्या कडेपासून क्लिपा सोडवत या आणि पॅड वर उचलून काढा, एकदम बाहेर ओढू नका, मागे वायर आणि हँडलची केबल असते. क्लिपा चारदोन तुटतातच म्हणून आधी आणून ठेवायच्या.

काच सोडवताना दुसरा माणूस पाहिजे, माझ्या बायकोने काच वर धरली आणि मी मास्किंग टेपच्या चार पट्ट्या दाराच्या चौकटीवरून आत-बाहेर मारल्या. ब्राउन पॅकिंग टेप उन्हात डिंक सोडते, ती नको. दाराची काच टफन केलेली असते, मधे दणका सोसते पण कडेला टवका उडाला की सगळी चुरा होते, त्यामुळे बाहेर काढलीच तर गोधडीवर आडवी ठेवा, फरशीवर उभी नको. दाराच्या आतला पत्रा सुरीसारखा असतो, हातमोजे घाला, मनगटापर्यंतचे. आणि नवीन मशीनच्या केबलच्या चाकाला प्लास्टिकची क्लिप किंवा टाय लावलेली येते ती मोटर बसवेपर्यंत काढायची नाही, काढली तर केबल उलगडते आणि परत गुंडाळण्यात दुपार जाते.

बसवताना सगळे नट आधी हाताने लावा, काच धरून ठेवा, तात्पुरतं बटण जोडून, बॅटरीची मायनस परत लावून काच पूर्ण वर घ्या म्हणजे ती चॅनेलमधे आपली आपण सरळ होते, आणि मग नट आवळा. मी आधी आवळले आणि काच मागच्या कोपऱ्यात घासायला लागली, परत ढिले करावे लागले, साडेचार तासांतला एक तास त्याचा. बटण जोडलेलं असताना दाराच्या आत हात ठेवायचा नाही, मुलं आजूबाजूला असतील तर त्यांना वर पाठवा. ज्या काचेला ऑटो-अप आहे (बटण एकदा ओढलं की आपोआप पूर्ण वर जाते) तिला बॅटरी जोडल्यावर परत शिकवावं लागू शकतं, बहुतेक गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच धरायचं असतं, तुमच्या गाडीच्या पुस्तकात नेमकं दिलेलं असेल.

पॅड लावायच्या आधी एक काम मात्र करा. शीट चिकटवून झाली, खालची कड अंगठ्याने दाबून झाली, की बाटलीने बाहेरून काचेवर दोनतीन लिटर पाणी हळूहळू ओता आणि आतून बघत बसा. माझ्या दाराच्या तळाचं एक भोक चिखलाने बुजलेलं होतं, काडीने मोकळं केलं, मग तिन्ही भोकांतून पाणी फरशीवर पडायला लागलं आणि आतल्या बाजूने शीटवरून हात फिरवला तर हात कोरडा. मग पॅड बसवलं.