डोंगरात मनगटावर काय बांधावे? तीन प्रकारच्या घड्याळांची तुलना

सह्याद्रीत भटकणाऱ्याने, घाटात पळण्याचा सराव करणाऱ्याने किंवा वर्षातून एकदा हिमालयात जाणाऱ्याने बहुउपयोगी क्रीडा-घड्याळ घ्यायचे ठरवले, की दुकानात त्याच्यासमोर एकाच काचेखाली तीन अगदी वेगवेगळ्या प्रकारची यंत्रे येतात. पहिला प्रकार उपग्रहाशी संबंध नसलेल्या, फक्त उंची, वायुदाब आणि दिशा दाखवणाऱ्या घड्याळांचा आहे. कॅसिओची प्रो ट्रेक मालिका आणि सूंतोचे कोअर ही त्यातली परिचित नावे. दुसरा प्रकार जीपीएस असलेल्या आणि बटणांवर चालणाऱ्या घड्याळांचा, ज्याचे सरळ उदाहरण म्हणजे २०२२ साली आलेले गार्मिनचे इन्स्टिंक्ट २ सोलर. तिसरा प्रकार मजबूत कवचातल्या स्मार्टवॉचचा असून त्यासाठी त्याच वर्षी आलेले पहिले अॅपल वॉच अल्ट्रा येथे घेतले आहे. पुढचे आकडे या विशिष्ट घड्याळांचे आहेत. त्यांच्या नव्या आवृत्त्या आल्या आणि येत राहतील, पण त्या त्या प्रकाराचे मूळ गुणदोष फारसे बदललेले नाहीत.

सुविधांच्या लांबलचक यादीवरून निवड करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडच्या डोंगरांसाठी तीनच प्रश्न निर्णायक ठरतात: घड्याळ ओल्या हातांनी चालते का, दोन-तीन दिवस चार्जिंगशिवाय टिकते का, आणि धुक्यात आल्या वाटेने परत नेते का.

उंची आणि हवामान

तिन्ही घड्याळांत वायुदाब मोजणारा सेन्सर आहे आणि तिन्ही घड्याळे त्यावरूनच उंची काढतात. समुद्रसपाटीजवळ साधारण आठ-साडेआठ मीटर वर चढले की वायुदाब एक हेक्टोपास्कलने (हे वायुदाब मोजण्याचे एकक) उतरतो, आणि या हिशेबावर प्रो ट्रेक एकेका मीटरच्या टप्प्याने उंची दाखवते. अडचण अशी, की वायुदाब केवळ चढण्या-उतरण्याने बदलत नाही. आपल्या अक्षांशांवर तो रोज ठरावीक लयीत वरखाली होतो: सकाळी दहाच्या सुमारास तो सर्वाधिक असतो, दुपारी चारच्या सुमारास उतरलेला असतो, आणि हा फरक तीन-चार हेक्टोपास्कलपर्यंत जातो. म्हणजे हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराशेजारी सकाळी तंबू ठोकून दिवसभर तिथेच बसून राहिलात, तरी चार वाजता घड्याळ तुम्हाला पंचवीस-तीस मीटर उंच चढवून ठेवील. घड्याळ बिघडले म्हणून तक्रार करणारे बहुतेक जण प्रत्यक्षात ही दैनंदिन लय पाहत असतात.

प्रो ट्रेकमध्ये ही चूक आपण स्वतः दुरुस्त करायची असते. पायथ्याच्या गावाची उंची नकाशावरून लावून चढायला सुरुवात करावी आणि वाटेत उंची ठाऊक असलेली खिंड किंवा मंदिर लागले की पुन्हा आकडा जुळवून घ्यावा. असे करणाऱ्याला कळसूबाईच्या माथ्यावर १,६४६ मीटरच्या बऱ्यापैकी जवळचा आकडा मिळतो. इन्स्टिंक्ट आणि अल्ट्रा जीपीएसच्या आधारे हे काम बरेचसे आपोआप करतात, म्हणून नवख्या माणसाला त्यांचा आकडा अधिक भरवशाचा वाटतो. मात्र ज्याला नकाशा वाचता येतो त्याच्यासाठी नीट जुळवलेले साधे उंचीमापकही मोलाचे आहे, कारण धुक्यात एकाच सोंडेवरून चढत असताना आपण नेमके कुठवर आलो हे उंचीच्या एका आकड्यावरून कळते.

वादळाचा इशारा या सुविधेबद्दल मात्र सावध राहायला हवे. सूंतोच्या कोअरमध्ये तीन तासांत वायुदाब चार हेक्टोपास्कलने उतरला तर इशारा वाजतो. ही पद्धत युरोपातल्या हवामानाला साजेशी आहे, कारण तिथे वादळ येण्याआधी वायुदाब तासन्‌तास घसरत जातो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दुपारी उभे राहणारे वळवाचे ढग तासा-दोन तासांत तयार होतात आणि वीज पडण्यापूर्वी वायुदाबात एवढी घसरण होतेच असे नाही. त्या काळात माथ्यावर असणाऱ्याने घड्याळाकडे न पाहता पूर्वेकडच्या आणि डोक्यावरच्या आभाळाकडे पाहावे.

वाट सापडणे आणि परत फिरणे

सह्याद्रीत माणूस चुकतो तो बहुधा वाट नाही म्हणून नव्हे, तर वाटा फार आहेत म्हणून. भीमाशंकरच्या किंवा कोयनेच्या रानात मळलेल्या वाटेला ठिकठिकाणी ढोरवाटा फुटतात, त्या तितक्याच ठळक दिसतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी कारवीत विरून जातात. अशा जागी जीपीएस घड्याळ सर्वाधिक उपयोगी पडते, कारण आपण आलो ती रेघ त्यात उमटलेली असते आणि त्या रेघेवरून मागे फिरता येते. इन्स्टिंक्टमध्ये नकाशा नाही, काळ्या-पांढऱ्या पडद्यावर नुसती रेघ आणि आपली जागा दिसते. तरीही चुकलेल्या माणसाला त्या क्षणी लागते ते एवढेच. अल्ट्रामध्येही आल्या वाटेने परत नेणारी सोय आहे. प्रो ट्रेक या प्रसंगी फक्त दिशा आणि उंची सांगू शकते, बाकीचे काम नकाशाने आणि अनुभवाने करावे लागते.

येथे एक धोका सांगितलाच पाहिजे. गार्मिनच्या घड्याळात सुरुवातीच्या ठिकाणी परतण्याचे दोन पर्याय असतात: एक आल्या रेघेने, दुसरा सरळ रेषेत. सपाट प्रदेशात सरळ रेषेचा पर्याय सोयीचा असेल, पण कोकणाकडे तुटलेल्या कड्यांच्या मुलखात ती रेषा कड्यावरून खाली जाते आणि घड्याळाला तिथे कडा आहे हे ठाऊक नसते. शिवाय जीपीएसची जागा काही मीटरने चुकू शकते आणि दोन्ही बाजूंना उभे कातळ असले की ही चूक वाढते, कारण उपग्रहाचा संदेश कातळावर आपटून उशिरा पोहोचतो. सांदण दरीसारख्या अरुंद घळीत नोंदलेली रेघ कातळाच्या पोटातून गेलेली दिसते ती याचमुळे. पठारावर दहा मीटरची चूक क्षुल्लक असते, पण कोकणकड्याच्या काठावर तीच चूक जिवावर बेतू शकते. म्हणून रेघ आणि डोळ्यांपुढची जमीन यांत विसंगती दिसली तर विश्वास जमिनीवर ठेवावा.

या बाबतीत अल्ट्रा इन्स्टिंक्टपेक्षा सरस आहे, कारण ते उपग्रहाचे संदेश दोन वारंवारितांवर घेते आणि परावर्तित संदेश अधिक चांगले ओळखते. मुंबईत उंच इमारतींच्या मधून पळणाऱ्यालाही हा फरक अंतराच्या आकड्यात स्पष्ट दिसेल. इन्स्टिंक्ट २ मध्ये ही सोय नाही. ज्याला ती हवी आहे त्याने त्याच मालिकेतले मोठे २एक्स पाहावे.

होकायंत्राविषयी दिलासा देणारी गोष्ट ही, की महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एक अंशाच्या आतच आहे, त्यामुळे त्याच्या दुरुस्तीची चिंता करावी लागत नाही. मात्र आपला कातळ बेसॉल्टचा आहे, त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते आणि खडकाला चिकटून घेतलेली दिशा चुकू शकते. दिशा उभ्याने, खडकापासून हात लांब धरून घ्यावी. हे तिन्ही घड्याळांना सारखेच लागू आहे.

पाऊस आणि बॅटरी

आपल्याकडे भटकंतीचा खरा हंगाम पावसाळ्याचा आहे, आणि निवड ठरवताना नेमकी हीच गोष्ट विसरली जाते. स्पर्शाने चालणारा पडदा पाण्याच्या थेंबांनाही बोटाचा स्पर्श समजतो, ओल्या बोटाला नीट दाद देत नाही, आणि मुसळधार पावसात अल्ट्रा वापरणे त्रासाचे होते. त्यावर मोठे बटण दिले आहे, पण सगळी कामे त्याने होत नाहीत. इन्स्टिंक्टला पाच बटणे आहेत आणि स्पर्शाचा पडदा मुळीच नाही. आडव्या पावसात, हातमोजे घालून, न पाहतासुद्धा ते चालवता येते. प्रो ट्रेकही बटणांचेच. तिन्ही घड्याळे शंभर मीटर खोलीच्या दाबाला टिकतील अशी बनवलेली असल्याने पाणी आत जाण्याची भीती कोणालाच नाही, फक्त गरम पाण्याच्या आणि साबणाच्या आंघोळीत ती घालू नयेत, कारण त्याने आतली रबरी कडी लवकर झिजतात.

बॅटरीतला फरक तर डोळ्यांत भरणारा आहे. अल्ट्रा कंपनीच्या म्हणण्यानुसार सामान्य वापरात ३६ तास आणि बचतीच्या पद्धतीत ६० तास चालते, पण जीपीएस सलग चालू ठेवले की हा काळ बराच घटतो. एका दिवसाच्या चढाईला ते पुरते. दोन मुक्कामांच्या डोंगरयात्रेत पॉवर बँक सोबत हवीच. इन्स्टिंक्ट २ सोलर सलग जीपीएसवर ३० तास चालते आणि पुरेसे ऊन मिळाल्यास ४८ तास. रोजच्या साध्या वापरात त्याला चार्जिंग लागतच नाही असा कंपनीचा दावा आहे, मात्र त्यासाठी रोज तीन तास ५०,००० लक्स इतका प्रखर प्रकाश मनगटावर पडावा लागतो. आषाढात किंवा पूर्ण बाह्यांचा सदरा घातल्यावर हे शक्य नाही, तेव्हा खरेदी करताना ३० तासांचाच आकडा धरून चालावे. सौर प्रो ट्रेकला जीपीएस नसल्याने तिची भूक इतकी कमी आहे, की एकदा पूर्ण भरल्यावर ती महिनोन्‌महिने चालते आणि घरच्या खिडकीतल्या प्रकाशावरही तग धरते.

प्रो ट्रेकच्या काही महाग मॉडेलांत रेडिओ संदेशावरून वेळ जुळवण्याची सोय असते. त्याचे प्रक्षेपण जपान, चीन, जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका येथून होते, भारतात असे केंद्र नाही. या एका सोयीसाठी येथे जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

हृदयाचे ठोके आणि प्राणवायू

प्रो ट्रेकच्या या पारंपरिक मॉडेलांत ही सोय नाही. उरलेली दोन्ही घड्याळे कातडीवर हिरवा प्रकाश टाकून ठोके मोजतात. सपाट रस्त्यावर पळताना हे मोजमाप चांगले येते, पण दोर किंवा काठी घट्ट धरून चढताना, मनगट वाकवताना आणि थंडीत ते बिघडते. घाटात गंभीरपणे सराव करणाऱ्याने छातीचा पट्टा वेगळा घ्यावा. तो दोन्हींना जोडता येतो.

रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मनगटावर दाखवणारी सोय मात्र हिमालयात निर्णयासाठी वापरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. थंड पडलेल्या मनगटावर हा आकडा सहज चुकतो, आणि तो बरा दिसला म्हणून डोकेदुखी व मळमळ अंगावर काढत वर चढत राहणे घातक आहे. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर स्वस्त आहे, ते सोबत ठेवावे, आणि लक्षणे वाढत असतील तर आकडा काहीही असो, खाली उतरावे.

किंमत आणि आयुष्य

अल्ट्रा भारतात ८९,९०० रुपयांना आले. इन्स्टिंक्ट सोलर त्याच्या निम्म्याच्या आसपास पडते आणि प्रो ट्रेक त्याहूनही बरीच स्वस्त मिळते. केवळ किंमत पाहू नये. अल्ट्रा फक्त आयफोनसोबतच चालते, म्हणून अँड्रॉइड फोन असलेल्याने त्याचा विचारच सोडावा. रोज भरावी लागणारी बॅटरी काही वर्षांनी थकते, तेव्हा ती बदलून मिळते का आणि आपल्या शहरात सेवा केंद्र आहे का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. दहा वर्षे एकच घड्याळ वापरण्याची ज्यांची इच्छा आहे, त्यांना पहिला प्रकारच अधिक न्याय देईल. जीपीएस घड्याळांच्या नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर साठतात, हेही लक्षात असू द्यावे. जुलै २०२० मध्ये गार्मिनच्या यंत्रणेवर सायबर हल्ला झाला, तेव्हा काही दिवस जगभरातील वापरकर्त्यांना आपल्या नोंदी पाहता येत नव्हत्या, घड्याळे स्वतः मात्र चालू होती.

कोणी काय घ्यावे

बहुतांश भटक्यांसाठी माझा कौल इन्स्टिंक्टच्या वर्गातल्या घड्याळाला आहे. त्याचा पडदा दिसायला साधा आहे, पण मे महिन्याच्या भर उन्हात तो उलट अधिक स्पष्ट दिसतो, आणि वर मांडलेल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी देणारा हा एकच प्रकार आहे. आठवड्यातून चार दिवस शहरात पळणाऱ्या, महिन्यातून एखादा किल्ला करणाऱ्या आणि आयफोन वापरणाऱ्या व्यक्तीला अल्ट्रा घेऊन पश्चात्ताप होणार नाही. पडल्याचे ओळखून मदत मागण्याची त्यातली सोय एकट्याने पळणाऱ्यासाठी खरोखर चांगली आहे, फक्त त्या मदतीला मोबाइलचे जाळे लागते आणि दऱ्यांत ते नसते. ८६ डेसिबलचा त्यातला भोंगा जाळ्याविना वाजतो, त्याच कामासाठी गळ्यात साधी शिट्टीही असावी. गटाबरोबर, माहीतगार वाटाड्यासोबत जाणाऱ्याला प्रो ट्रेक पुरेशी आहे. वर्षातून दोनदाच डोंगरात जाणाऱ्याने काहीही विकत न घेता फोनमध्ये त्या भागाचा नकाशा आधी उतरवून घ्यावा. फोनचे जीपीएस मोबाइलच्या जाळ्याविना चालते.

परदेशातल्या नातेवाइकांकडून घड्याळ मागवणाऱ्यांसाठी एक सूचना. अलीकडच्या काही महाग घड्याळांत थेट उपग्रहामार्फत संदेश पाठवण्याची सोय येऊ लागली आहे. भारतात उपग्रह फोन आणि उपग्रह संदेशयंत्रे परवानगीशिवाय बाळगणे बेकायदेशीर असून त्यावरून विमानतळांवर प्रवाशांना अटकही झाली आहे. त्यामुळे मागवायच्या मॉडेलमध्ये ही सोय आहे का, असल्यास ती भारतात वापरण्यास मुभा आहे का, याची खातरजमा मागवण्यापूर्वीच करून घ्यावी.